वंदना इथंच राहते

समोरच्या खुर्चीत नवीन माणूस बसला की मी आधी पाणी विचारते आणि मग विचारते, "धंदा कुठं आहे?" पाण्याला सगळे हो म्हणतात. दुसऱ्या प्रश्नावर बहुतेकजण खिशातून मोबाइल काढून माझ्यापुढे धरतात.

"ह्याच्यात आहे जी."

मोबाइलमध्ये धंदा असू शकतो हे मला मान्य आहे, पण सरकारला नाही. सरकारला धंदा जमिनीवर टेकलेला लागतो. त्याला घर क्रमांक लागतो, विजेचं बिल लागतं, जागा दुसऱ्याच्या नावावर असेल तर त्या मालकाचं संमतीपत्र लागतं, आणि दाराबाहेर नावाची पाटी लागते. गिऱ्हाईक जन्मात त्या दारात येणार नसतं, तरी पाटी लागते. मी हे पहिल्यांदा सांगते तेव्हा लोक माझ्याकडे अशा नजरेनं पाहतात की जणू हा नियम मीच काल जेवण झाल्यावर बसून काढला.

धरमपेठेत एका झेरॉक्सच्या दुकानावरच्या खोलीत मी हे काम करते. आधी एका वकिलांकडे विक्रीकराच्या फायली सांभाळत होते. वकीलसाहेब निवृत्त झाले, विक्रीकर जाऊन जीएसटी आला आणि मी तिथल्या तिथं राहिले. दिवाळी अंकासाठी लिहा म्हणून निरोप आला तेव्हा आमचे हे म्हणाले, "फॉर्म भरण्यावर कोण वाचेल?" मी म्हटलं, ज्यांचा ओटीपी अजून आलेला नाही ते सगळे वाचतील. त्यांना दुसरं कामच काय असतं?

बाहेरच्यांसाठी थोडक्यात सांगते. घरबसल्या ऑनलाइन विकणाऱ्या माणसाला साधारण तीन नोंदी लागतात. पहिली दुकान-आस्थापनेची, तिला आमच्याकडे लहानमोठे सगळे गुमास्ताच म्हणतात. दुसरी 'उद्यम', म्हणजे मी लहान उद्योजक आहे हे सरकारदरबारी सांगणं. ती फुकट होते, तरी लोक तिचे पैसे मोजून येतात. आणि राज्याबाहेर माल पाठवायचा असेल तर तिसरी, जीएसटी. पहिल्या दोन सरळ गाई आहेत. तिसरी कधी लाथ मारेल सांगता येत नाही.

तऱ्हेतऱ्हेची माणसं येतात. कळमेश्वरच्या एकाला दुकानाच्या नावात कुलदैवत, आई, बायको आणि नुकतीच झालेली मुलगी एवढं सगळं बसवायचं होतं. नाव फॉर्ममधल्या चौकटीत मावेना. शेवटी त्यानं बायकोचं नाव काढलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी येऊन, गाल फुगवून, परत घालायला लावलं. आमच्या धरमपेठेतलेच एक निवृत्त साहेब लिंबाचं लोणचं विकायचं म्हणून प्रायव्हेट लिमिटेड काढायला आले होते. संचालक ते आणि त्यांच्या पत्नी. पत्नीनं तिथल्या तिथं राजीनामा दिला, कारण लोणचं त्याच घालणार होत्या. नरखेड तालुक्यातला एक पोरगा संत्र्याची कलमं ऑनलाइन विकतो. त्याच्या धंद्याची जागा म्हणजे विहीर, मोटरपंप आणि त्याला टेकून उभी असलेली मोटरसायकल. पाटी कुठं लावू म्हणाला. मी म्हटलं, झाडाला लाव. लावली आणि अर्ज मंजूरही झाला.

माझे दोन-तीन कडक नियम आहेत. स्वतःच्या ऑफिसचा पत्ता कोणालाही धंद्यासाठी द्यायचा नाही, मग तो देव का असेना. पुढच्या नोटिसा आपल्याच दारात येतात. आणि बाईमाणूस आलं की पत्त्याच्या आधी विचारायचं, "नावं किती?" आपल्याकडे लग्नात तांदळात नाव लिहून नवरीचं नाव बदलायची रीत अजून पुरती गेलेली नाही. शाळेच्या दाखल्यावर एक बाई असते, आधारकार्डावर दुसरी असते, आणि दोघी माझ्यासमोर एकाच खुर्चीत बसून घाम पुसत असतात. हा प्रश्न विचारायचा असतो हे मी अनुभवानं शिकले होते. पण तो नुसता कागदापुरता प्रश्न नाही, हे मला वंदनाताईंनी शिकवलं.

त्या आल्या त्या पुठ्ठ्याचं एक खोकं मांडीवर घेऊन. पन्नाशीच्या आतबाहेरच्या, सडपातळ, बोलायला मोकळ्या. मी धंदा विचारला तर मोबाइल न काढता त्यांनी खोकं उघडलं. आत सुपारीचे नवरा-नवरी होते. बोटाएवढे, पण नवरीला नऊवारी, नवऱ्याला फेटा, दोघांना मोत्यांच्या मुंडावळ्या. बाजूला काड्यांचं तुळशीवृंदावन आणि लोकरीचं तोरण.

"रुखवत?" मी म्हटलं. "रुखवत विकता तुम्ही?"

"विकते ना, ताई. आता कोणाच्या घरी बनवतेत? पोरी नोकरीवर, त्यायच्या माया टीव्हीसमोर. लग्न ठरलं का मोबाइलवर शोधतेत. माह्या लेकीनं दुकान मांडून देल्लं मोबाइलवर. ती पुण्याले नोकरीवर हाये."

"नावं किती?"

त्या हसल्या. "दोन. माहेरची कुंदा, सासरची वंदना. कागद सगळे वंदनाचे हायेत. घाबरू नका."

मग हळूहळू बाकीचं कळलं. सासर नरखेड तालुक्यातलं, घरचा संत्र्याचा बगीचा. नवरा वारला. दीर-जाऊ वाईट नव्हते, पण वंदनाताईंच्या खोलीत हळूहळू फवारणीचे पंप आले, मग खताची पोती आली, आणि एक दिवस त्यांची पेटी अंगणात आली. कोणी जा म्हटलं नाही. त्या आपण होऊनच नागपूरला भावाकडे आल्या. काटोल रोडकडच्या एका लेआउटमध्ये, म्हणजे प्लॉट पाडून वसवलेल्या वस्तीत, त्यांच्या वडिलांनी बांधलेलं घर आहे. तिथं आई, भाऊ आणि वहिनी राहतात. मागच्या खोलीत आई आणि त्या, दोघी मिळून हे रुखवत करत होत्या. फेटे आई बांधायची. तिला लांबचं फारसं दिसत नव्हतं, पण बोटांना सगळं पाठ होतं. म्हणून दुकानाचं नावही आईचंच, 'सिंधू रुखवत'.

अडचण अशी होती की माल ज्या मोठ्या ऑनलाइन दुकानातून जायचा, त्यांनी कळवलं होतं की जीएसटी क्रमांक दिल्याशिवाय राज्याबाहेरच्या ऑर्डरी बंद. आणि त्यांचं निम्म्याहून जास्त गिऱ्हाईक हैदराबाद, बंगळूर, इंदूरकडचं. परक्या गावी राहणाऱ्या मराठी माणसालाच रुखवताची जास्त आठवण येते. तुळशीचं लग्न झालं की लगीनसराई सुरू होणार होती.

"नंबर आला तर भावाच्या घरी मान वर करून जेवीन," वंदनाताई म्हणाल्या. "नाही आला तर गावाले वापस. त्या पोत्यायच्या खोलीत." हे त्यांनी रडून सांगितलं नाही. खोक्याचं झाकण लावता लावता सांगितलं.

मी विचारलं, "घर कोणाच्या नावावर आहे?"

"दादाच्या. बाबा गेल्यावर मी आन् आईनं सोडून देल्लं ना त्याच्या नावानं."

हक्कसोडपत्र. हा शब्द मी इतक्यांदा वाचला आहे की तो मला आता पाठीच्या जुन्या दुखण्यासारखा वाटतो. बापाचं घर बहिणीनं भावाला सोडून द्यायचं, सही करताना हसायचं, आणि भावानं साडी घ्यायची. मीही केली आहे सही. माझी साडी जांभळी होती, बऱ्यापैकी होती, अजून कपाटात आहे. भावाबद्दल माझी तक्रार नाही, भाऊबीजेला येतो. पण कोणी ते पत्र टेबलावर ठेवलं की माझं लक्ष आधी सहीकडे जातं, लिहिताना हात थरथरला होता का ते पाहायला.

तर ज्या घराचा आपला हिस्सा आपण सोडून दिला, त्याच घराचा पत्ता वापरायला वंदनाताईंना आता भावाची संमती हवी होती. मी म्हटलं, भावाला घेऊन या.

प्रमोदभाऊ आले. कळमेश्वरच्या एमआयडीसीत एका कारखान्यात पाळीवर काम करतात. अंगानं मोठा, आवाजानं लहान माणूस. खुर्चीच्या अगदी कडेवर बसले. वाईट माणूस मुळीच नव्हे. बहीण आली तेव्हा मागची खोली त्यांनीच चुना मारून दिली होती. पण कागद म्हटला की नागपूरचा माणूस दोन पावलं मागे सरतो.

"मॅडम, कंपनीत एक जण सांगून राहिला होता. असा कागद देल्ला का घर फसते म्हणे. मीटर दुकानाचं होते. आन् उद्या... म्हणजे बहीण हाये, मी काही म्हणत नाही... पण उद्या म्हटलं का माहा धंदा इथं हाये, मी निघत नाही, तर?"

वंदनाताई बाजूलाच बसल्या होत्या. त्या भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहू लागल्या.

मी त्यांना जमेल तितकं सोपं करून सांगितलं. संमतीपत्र म्हणजे जागा वापरायची परवानगी, मालकी नव्हे. ती मागेही घेता येते. एका खोलीत दोन बायका सुपारीला साडी नेसवतात म्हणून घर कोणी उचलून नेत नाही. प्रमोदभाऊंनी पुष्कळ वेळ पंख्याकडे पाहिलं आणि सही केली. पण एका अटीवर. पाटी समोर लागणार नाही. समोरच्या फाटकावर वडिलांच्या नावाची संगमरवरी पाटी आहे, तिथं दुसरं काही नको. लावायची तर मागच्या गल्लीच्या दारावर लावा. मी समजावून पाहिलं की साहेब आले तर समोरून येतील, मागच्या दाराला घर क्रमांक नसतो. ते म्हणाले, "सगळ्यायकडे कुठं येतेत साहेब लोक?" हेही खरं होतं. लहान धंद्यांकडे कोणी क्वचितच येतं. अर्ज गेला.

आणि साहेब आले. कोणालाही न सांगता, भर दुपारी.

मला ते कळलं पोर्टलवर शेरा पडला तेव्हा. 'नोंदणीकृत पत्त्यावर प्रत्यक्ष चौकशी केली असता अर्जदार तेथे राहत नसल्याचे घरातील ज्येष्ठ महिलेने सांगितले. पाटी आढळली नाही.' खाली, अर्ज नामंजूर.

वंदनाताईंना बोलावून घेतलं. साहेब आले त्या दिवशी त्या इतवारीच्या बाजारात जरीचा धागा आणायला गेल्या होत्या. काय झालं ते त्यांनी आईकडून ऐकलेलं मला सांगितलं. दारात एक तरुण साहेब उभा राहिला. हातात मोठा मोबाइल. त्यानं कागदावरचं नाव वाचलं, "वंदना आहेत का?" आई म्हणाली, "वंदना इथं नाही राहत, बाबू." साहेबानं पुन्हा विचारलं, "नक्की?" आई म्हणाली, "माहं घर हाये, मले नाही माहीत? वंदना इथं कोणी नाही." साहेबानं फोटो काढला आणि गेला.

"तिले माहीत नाही असं नाही, ताई. लग्नात तिच्यासमोरच तर लिहिलं होतं नाव. पण ते नाव ह्या घरात कोणी घेतच नाही. सासरच्या माणसायसाठी असते ते. आईले मी कुंदीच. वंदना म्हटलं का तिले वाटते, दुसरीच कोणी बाई."  मग अगदी सहज म्हणाल्यासारखं म्हणाल्या, "दादा घरीच होता. सुट्टी होती त्याची. दाढी करून राहिला होता."

मी जपून म्हटलं, "त्यांना ऐकू आलं नसेल."

"बेसिन दाराले लागूनच हाये, ताई."

मला राग आला. आमच्या कामात राग येऊन चालत नाही, कारण राग आला की आकडे चुकतात. पण आला. माणसानं नाही म्हणावं, तोंडावर म्हणावं, सही करू नये. सही करायची आणि मग तोंडाला साबण लावून गप्प उभं राहायचं, ह्याला काय म्हणावं? मी वंदनाताईंना म्हटलं, भाड्यानं एक लहान जागा बघू, तिथला पत्ता देऊ. त्या म्हणाल्या, भाडं देण्याइतके पैसे सुटत असते तर सगळ्याच गोष्टी सोप्या होत्या. अर्ज मात्र पुन्हा भरता येतो, हे मी त्यांना सांगितलं. संमतीपत्र तेच चालणार होतं. फक्त भावाचं मन बदलायला हवं होतं, आणि त्याचा फॉर्म माझ्याकडे नाही.

नव्या अर्जासाठी मागच्या खोलीचे चांगले फोटो हवे होते. आमचे हे त्या बाजूला जाणार होते, तर मी स्कूटरवर मागे बसून गेले आणि फाटकाशी उतरले. फाटकाच्या आत, जांभळाच्या सावलीत, प्लॅस्टिकच्या खुर्चीवर एक म्हातारी बाई बसली होती. पांढरं लुगडं, मांडीवर सुपारीची वाटी, बोटं फेटा बांधत होती. मी फाटकाची कडी काढली तशी ती माझ्या दिशेनं तोंड करून, मोठ्यानं, शाळेत पाढा म्हणावा तशी म्हणाली,

"वंदना इथंच राहते."

मी चपापले. म्हटलं, "हो आजी, त्यांनाच भेटायला आले."

"हो. इथंच राहते. मागच्या खोलीत. घरातलीच हाये."

वंदनाताई आतून लगबगीनं आल्या आणि मला जवळजवळ ओढतच आत घेऊन गेल्या. अर्ज का नामंजूर झाला हे त्यांनी आईला सांगितलं होतं. सांगायला नको होतं असं आता त्यांना वाटत होतं. म्हातारी त्या दिवशी जेवली नाही. म्हणाली, माह्याच तोंडानं मी माह्या पोरीले घराबाहेर काढलं. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी खुर्ची फाटकाशी लावायला लावली. साहेब पुन्हा येईल, तेव्हा दारात मीच असली पाहिजे, असा तिचा हिशोब होता. तिला दिसायचं कमी. त्यामुळे साहेब कोणता आणि भाजीवाला कोणता हे कळायचं नाही. मग तिनं कोणताच धोका पत्करला नाही. फाटकाशी जो येईल त्याला ती सांगत होती. दूधवाल्याला, सिलिंडरवाल्याला, मीटर वाचायला आलेल्या माणसाला, चुकीच्या घरी आलेल्या कुरिअरवाल्याला. सगळा लेआउट ऐकत होता. समोरच्या घरातली लहान मुलं तर फाटकावरून जाता जाता तीच आधी ओरडायची, "आजी, वंदना कुठं राहते?" आणि आजी तितक्याच गंभीरपणे उत्तर द्यायची.

आम्ही हसलो. हसता हसता वंदनाताईंनी पदर डोळ्यांना लावला.

मी मागच्या खोलीचे फोटो काढले. भिंतीशी ओळीनं सुपारीच्या नवऱ्या उभ्या होत्या, सगळ्या सासरी जायच्या तयारीत. एवढ्यात फाटकाशी मोटरसायकलचा आवाज झाला. प्रमोदभाऊ पाळीवरून आले होते. आम्ही खोलीच्या दारातून पाहत होतो. गाडी आत घेतली तशी खुर्चीतून आवाज आला,

"वंदना इथंच राहते."

"आई, मी आहो. प्रमोद."

"माहीत हाये. तुलेच सांगून राहिली."

प्रमोदभाऊ गाडी धरून तसेच उभे राहिले. मग त्यांनी ती स्टँडवर लावली, डबा काढला आणि कोणाकडे न पाहता नळावर हातपाय धुवायला गेले. वंदनाताई हळूच म्हणाल्या, "रोज सांगते. जाताना एकदा, येताना एकदा."

त्यानंतर काही दिवसांनी प्रमोदभाऊ एकटेच माझ्या ऑफिसात आले. मी त्यांच्यासाठी चांगलं खरमरीत भाषण तयार ठेवलं होतं. आंघोळ करताना, भाजी चिरताना मी त्यावर हात फिरवत होते. ते आले, ह्या वेळी खुर्चीत नीट मागे टेकून बसले आणि पाणी पिऊन म्हणाले,

"ऐकू आलं होतं मले, मॅडम. त्या दिवशी."

मी हातातलं पेन खाली ठेवलं.

"वाटलं, चला, आपल्याले काही म्हणा लागलं नाही. आपोआपच झालं." ग्लास त्यांनी टेबलावर ठेवला, पुन्हा उचलला. "आता घरात शिरतानी अशी लाज वाटते न मॅडम, काय सांगू. माह्याच घराच्या फाटकाची."

माझं भाषण तसंच राहिलं. माणूस स्वतःच स्वतःला बोलायला लागला की दुसऱ्यानं बोलू नये, एवढं मला कळतं. थोड्या वेळानं त्यांनी विचारलं,

"पाटी केवढी लागते?"

"वाचता येईल एवढी."

"समोर लावतो. बाबाच्या खाली."

दुसऱ्या अर्जाच्या वेळी त्याच साहेबांनी आधी मला फोन केला, कारण अर्जावर माझा क्रमांक होता. बदली होऊन आलेला मुलगा, बोलण्यावरून सांगली-कोल्हापूरकडचा. म्हणाला, "मॅडम, मागच्या वेळी फेरी वाया गेली, ह्या वेळी तुम्ही तिथं थांबा." मी आधीच जाऊन बसले. फाटकाच्या खांबावर वडिलांच्या संगमरवरी पाटीखाली निळी पाटी लागली होती, 'सिंधू रुखवत'. किंचित वाकडी होती. वाकडी आहे हे मी सांगणार होते, पण प्रमोदभाऊ तिच्याकडे ज्या नजरेनं पाहत होते ते पाहून राहू दिलं. त्यांनी त्या दिवशी सुट्टी टाकली होती.

म्हातारी सकाळपासून खुर्चीत तयार बसली होती. नवीन लुगडं नेसली होती. पण साहेबांना यायला उन्हं कलली आणि नेमका तेव्हाच तिचा डोळा लागला. मान एका बाजूला, मांडीवर अर्धा बांधलेला फेटा. साहेब फाटकाशी आले, खुर्चीतल्या बाईला त्यांनी ओळखलं आणि आवाज जरा खाली आणून विचारलं, "वंदना इथं..."

वंदनाताई पुढे झाल्या. पण त्यांच्या आधी प्रमोदभाऊ बोलले. एरवीच्या त्यांच्या बारीक आवाजात नाही, चांगलं मोठ्यानं.

"वंदना इथंच राहते, साहेब."

"तुमच्या कोण?"

"बहीण. तिचंच घर हाये हे."

साहेबांचं बोट मोबाइलवर थांबलं. त्यांनी वर पाहिलं. "त्यांचं घर? मग अर्जाला तुमचं संमतीपत्र कसं काय? मालक नक्की कोण?"

 मालकीचा घोळ असा एक शेरा पडला असता तर दुसरा अर्जही गेला असता आणि लगीनसराईही गेली असती. मी घाईघाईनं पुढे झाले. "साहेब, मालक हेच आहेत. विजेचं बिल ह्यांच्या नावाचं आहे, हक्कसोडपत्र आहे, सगळं जोडलेलं आहे. बहिणीचं कायदेशीर काही नाही घरात. हे आपलं बोलण्यातलं."

खरं तेच सांगितलं मी. कामाला धरूनच होतं. पण इतक्या वर्षांत एखादं खरं वाक्य माझ्याच तोंडाला इतकं कडू लागल्याचं मला आठवत नाही. वंदनाताईंनी माझ्याकडे पाहून मान हलवली, चालते, असं म्हणून. प्रमोदभाऊ खाली फरशीकडे पाहत होते.

साहेब थोडे हसले. "बरं, बोलण्यातलं तर बोलण्यातलं." त्यांनी खोली पाहिली, एक नवरी हातात घेऊन उलटसुलट पाहिली, माझ्याही बहिणीचं लग्न आहे म्हणाले. मग पाटीजवळ अर्जदाराचा फोटो हवा म्हणून वंदनाताईंना उभं केलं. प्रमोदभाऊ बाजूला सरकले. वंदनाताई म्हणाल्या, "दादा, तूही ये ना." साहेब म्हणाले, नियमात एकटा अर्जदारच लागतो. तेव्हा एकट्याच उभ्या राहिल्या, पदर सावरून, बापाच्या नावाखाली.

आठवडा उलटायच्या आत क्रमांक आला. प्रमाणपत्र मी रंगीत छापून, प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून स्वतः घेऊन गेले. एरवी मी ते मोबाइलवर पाठवून मोकळी होते. वंदनाताईंनी ते दोन्ही हातांनी घेतलं आणि वरपासून खालपर्यंत, नियमांच्या बारीक ओळींसकट वाचलं. मग पत्त्याच्या ओळीवर बोट ठेवलं. प्लॉट क्रमांक, लेआउट, काटोल रोड, नागपूर.

"लग्न झाल्यापासून माह्या नावासमोर हा पत्ता कधी आलाच नव्हता, ताई," त्या म्हणाल्या. "राशनकार्ड, आधार, बँक, सगळ्यायवर गावचाच. सरकारच्या कागदावर आज पह्यल्यांदा."

नाव सासरचं आणि पत्ता माहेरचा. इतके कागद हातावेगळे केले मी, पण ह्या दोन ओळी एकाखाली एक अशा मी कधी वाचल्या नव्हत्या. मालकीच्या कागदात त्यानं काही फरक पडलेला नाही, पडणारही नाही. माझ्याही कागदात नाही.

बाहेर म्हातारी खुर्चीतच होती. साहेब येऊन गेला, काम झालं, असं सगळ्यांनी तिला सांगितलं होतं, तरी खुर्ची काही तिथून हलली नव्हती. तिला कागद हातात दिला. तिनं तो डोळ्यांजवळ नेला, मग लांब धरला, मग मला परत दिला.

"काय लिहिलं हाये, वाच वं."

मी वाचलं. आधी वंदनाताईंचं पूर्ण नाव, मग दुकानाचं, मग धंद्याची जागा म्हणून त्या घराचा पूर्ण पत्ता. म्हातारीनं लक्ष देऊन ऐकलं. मग वाटीतली सुपारी उचलून पुन्हा फेटा बांधायला घेतला.

"मी तर कधीची सांगून राहिली," ती म्हणाली.